परवडत नाही म्हणे!

नागपूरच्या जरीपटक्यात फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन वसले. आज तिथे आजी सिंधीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो. दोष नातवाचा नाही, मंडळी. घराबाहेर ती भाषा त्याच्या कानावर पडतेच कुठे?

सिंधीला १९६७ साली आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, पण राज्य नाही. म्हणजे तिची बाजू मांडायला मुख्यमंत्रीही नाही! आपल्याला हक्काची सह्याद्री वाहिनी. सिंधीला तिच्यावरचे थोडे कार्यक्रम. चोवीस तासांच्या सिंधी वाहिनीची मागणी २०२४ मध्ये आधी दिल्ली उच्च न्यायालयाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. प्रसार भारतीचं म्हणणं काय, तर बोलणारे थोडे, वाहिनी परवडणार नाही.

अहो, थोडे आहेत म्हणूनच तर हवी! परवडतं तेच दाखवायचं तर खाजगी वाहिन्या आहेतच की. मग सरकारी दूरदर्शन कशासाठी पोसायचं?

"यूट्यूब आहे ना" म्हणणाऱ्यांना एकच सांगतो. यूट्यूबवर भाषा शोधावी लागते. आजीनं लावलेला टीव्ही मात्र नातवाच्या कानावर आपोआप पडतो. भाषा अशीच येते, आपल्यालाही अशीच आली.