‘लेडीज’ स्की म्हणजे नेमकी कोणती?

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे विषय रंगला तो स्कीचा. माझी भाची पुण्यात नोकरी करते. गेली दोन वर्षं हिवाळ्यात रजा टाकून ती गुलमर्गला बर्फावर घसरायला शिकायला जाते. आता तिला स्वतःची स्की घ्यायची आहे. ‘‘मावशी, भाड्याची स्की दर वेळी वेगळी मिळते गं, पहिले दोन दिवस तिची सवय होण्यातच जातात,’’ हे तिचं म्हणणं. ताईचं म्हणणं, एवढ्या पैशांत बांगड्या झाल्या असत्या. जमलेल्या बायकांत लगेच दोन तट पडले.

मी भाचीच्या बाजूची. पण तिनं निवडलेली जोडी मोबाईलवर पाहिली आणि मलाच प्रश्न पडला. दुकानदार म्हणाला, ‘लेडीज मॉडेल आहे’, रंग छान होता, म्हणून तिनं पसंत केली होती. मैत्रिणींनो, साडीचा रंग पाहून साडी घ्यावी, पण स्की?

आपल्याला बर्फ म्हणजे एकच पांढरी गोष्ट वाटते. प्रत्यक्षात रात्री नुकताच पडलेला बर्फ मैद्यासारखा हलका असतो. यंत्रानं दाबून सारखा केलेला उतार वेगळा. दुपारच्या उन्हात तोच भिजलेल्या साबुदाण्यासारखा जड होतो आणि रात्री गोठला की सकाळी काचेसारखा कडक. गुलमर्गला हे सगळं एकाच मुक्कामात भेटतं. गाव साधारण २,६५० मीटर उंचीवर. तिथून गोंडोला आधी कोंगडोरीला आणि पुढच्या टप्प्यात अफरवतच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत नेतो. खाली शिकणाऱ्यांचे सोपे उतार, वर मोकळा, भुसभुशीत बर्फ. म्हणून तिथे ‘ऑल माउंटन’ प्रकारची, सगळीकडे चालेल अशी स्की सोयीची.

ती ओळखायची कशी? पहिल्यांदा पायाखालची रुंदी बघायची. अरुंद स्की कडक बर्फावर चटकन एका कडेवरून दुसऱ्या कडेवर येते, पण भुसभुशीत बर्फात रुतते. रुंद स्की वर तरंगते, उंटाचं पाऊल वाळूत रुतत नाही तसं. पण कडक उतारावर ती वळवताना मांड्या भरून येतात. ऑल माउंटन स्की साधारण ८० ते १०० मिलिमीटरच्या मधली. भाचीनं निवडलेली ७२ ची होती. ती खालच्या उतारावर झकास, पण वर गेल्यावर रडवणारी. तिच्यासाठी ९० च्या आसपासची बरी, असं माझं मत पडलं.

मग बाक. स्की जमिनीवर ठेवली की मध्ये धनुष्यासारखी उचललेली दिसते, त्यानं कडक बर्फावर पकड येते. पुढचं टोक लांबूनच वर वळलेलं असेल तर ते मऊ बर्फात बुडत नाही. सगळीकडे चालणाऱ्या स्कीत दोन्ही थोडं थोडं हवं. लांबी नवशिक्यांना हनुवटी ते नाकापर्यंत पुरे, हात बसला की कपाळापर्यंत.

आता ते ‘लेडीज’. बायकांसाठीची स्की बहुधा हलकी आणि जरा लवचीक असते. अंगानं हलक्या मुलीला तिचा खरंच फायदा होतो, कारण ताठ स्की वाकवायला वजन लागतं. पण उंच, दणकट, वेगानं जाणाऱ्या बाईला तीच स्की पायाखाली थरथरल्यासारखी वाटेल. तेव्हा आपलं वजन, उंची आणि कसब सांगून मागायचं, बाई आहे म्हणून नव्हे. आंचल ठाकूर या मनालीच्या मुलीनं २०१८ मध्ये तुर्कस्तानात स्कीइंगमध्ये भारताला पहिलं आंतरराष्ट्रीय पदक मिळवून दिलं, ते काही रंग बघून नाही!

आणि वजन खरं सांगायचं. (इथे हळदीकुंकवात हशा पिकला.) बूट स्कीला धरून ठेवणारी पकड पडल्यावर सुटावी लागते. ती किती घट्ट ठेवायची हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कसब यांवरून ठरतं. वजन कमी सांगितलं तर ती चालता चालता सुटेल, कसबाची बढाई मारली तर हवी तेव्हा सुटणार नाही. गुडघ्यातला अस्थिबंध तुटण्याची दुखापत स्कीइंगमध्ये बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होते आणि नीट लावलेली पकडही त्याची पूर्ण हमी देत नाही. वरच्या मोकळ्या उतारांचं तर आणखी वेगळं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे हिमस्खलनात एक रशियन स्कीपटू दगावला. स्की कितीही चांगली असो, जाणकार वाटाड्या आणि बर्फाखाली माणूस शोधायची साधनं यांच्याशिवाय तिकडे जायचं नाही, हे मी भाचीकडून कबूल करून घेतलं.

ताईची काळजीही अगदीच खोटी नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं. २०२५ मध्ये बर्फ कमी म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चवर गेल्या. बर्फ पातळ असला की खालचे दगड स्कीचा तळ खरवडतात. शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात पोलादी कडा गंजणार, माळ्यावर टाकण्याआधी कोरड्या करून मेण लावायला हवं. वर्षातले दहा दिवस वापरायच्या वस्तूसाठी हा व्याप कमी नाही.

म्हणून मी मधला मार्ग सुचवला. यंदा फक्त बूट घ्यायचे. टाच उचलत नाही आणि उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकतात, असे. भाड्याच्या बुटात पाय हलत राहिला तर महागातली स्कीसुद्धा ऐकत नाही. स्की या मोसमात ९० च्या आसपासच्या दोन-तीन जोड्या भाड्यानं वापरून बघायची, मग पुढच्या वर्षी घ्यायची, चांगली मिळाली तर वापरलेलीसुद्धा.

भाचीनं तोंड वाकडं केलं, पण बूट घेतले. परवा ताईचाच फोन. ‘‘अगं, ते बूट आतून ओले झाले तर वर्तमानपत्र कोंबून ठेवायचं का?’’ म्हटलं, ठेव, पण आतलं अस्तर आधी बाहेर काढ आणि उन्हात नको, सावलीत वाळव.