घर आपलं, पण ऐकतंय कोण?

मागच्या महिन्यात आमच्या एका साथीदाराच्या घरी अभ्यासवर्गाची बैठक होती. एक मुलगी वसतिगृहात आडनावावरून काय काय ऐकावं लागतं ते सांगत होती. तक्रार करावी का, केली तर साक्षीला कोण उभं राहील, हे तिला विचारायचं होतं. मध्येच टीव्हीशेजारचा स्मार्ट स्पीकर बोलला, "माफ करा, मला समजलं नाही." सगळे हसले. ती मात्र गप्प झाली. नंतर ॲप उघडलं तर तिची दोन वाक्यं मैत्रिणीच्या नावासकट तिथे जमा झालेली!

"आपण काही चोरी करत नाही, मग घाबरायचं कशाला?" असं आपलेच लोक म्हणतात. मित्रांनो, प्रश्न चोरीचा नाही. शहरात खोली भाड्याने घेताना आडनाव विचारलं की पुढे काय होतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको. आपल्याबद्दल कोणाला किती कळावं हे आपण ठरवायचं, की दुसऱ्याने?

बाबासाहेबांनी हा मुद्दा 1947 सालीच मांडला होता. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने लिहिलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये माणसाचं शरीर, घर आणि कागदपत्रं यांना अवाजवी झडती-जप्तीपासून संरक्षण देणारं कलम आहे. ते संविधानात आलं नाही. पुढे 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निकाल दिला. तेव्हा खाजगीपणा म्हणजे बंगलेवाल्यांचे चोचले, असं आपल्यापैकी तरी कोणी म्हणू नये.

हे यंत्र हाकेच्या शब्दाची वाट पाहत सतत कान लावून असतं. तो शब्द ऐकू आला, किंवा आल्यासारखा वाटला, की पुढचं बोलणं कंपनीच्या सर्व्हरवर जातं. गल्लत नेमकी इथेच होते. ॲमेझॉन, गूगल आणि ॲपल या तिन्ही कंपन्यांकडे काही रेकॉर्डिंग माणसंही ऐकतात, हे 2019 मध्ये बाहेर आलं. मुलांची रेकॉर्डिंग जपून ठेवल्याच्या प्रकरणात ॲमेझॉनला अमेरिकेत 2023 मध्ये अडीच कोटी डॉलर दंड कबूल करावा लागला.

मग फेकून द्यायचं का? आम्ही तसं म्हणणार नाही. ज्या आजीला कोणी पाटीला हात लावू दिला नाही, ती आज नुसतं बोलून हवं ते ऐकते. तिच्या हातातून ते काढून घेणारे आपण कोण? पण माइकचं बटण कुठे आहे, हे तिलाही दाखवा. ॲपमधला आवाजाचा इतिहास उघडा, पुसा, आणि तो आपोआप पुसला जाईल अशी सोय करा. रेकॉर्डिंग माणसांना ऐकू देण्याची परवानगी बंद करा. घरात स्पीकर नसेल म्हणून निर्धास्त राहू नका. खिशातल्या फोनमध्येही तोच कान आहे, 'हे गूगल'ची सेटिंग बंद करा. आणि स्पीकर ज्याच्या खात्यावर आहे त्याला पाहुण्यांचंही बोलणं दिसतं, म्हणून घरी आलेल्याला आधी सांगा. बैठकीत तर सरळ प्लगच काढा.

त्या मुलीची दोन्ही वाक्यं तिच्यासमोरच पुसली. पुढची बैठक त्याच घरी आहे. प्लग काढायचं काम साथीदाराच्या धाकट्या बहिणीने घेतलंय, आणि ती मुलगी तक्रारीचा मसुदा कागदावर लिहून आणणार आहे.