डोंगरही देवच

चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमबाबाचे स्थान आहे. दरवर्षी २० डिसेंबरच्या सुमारास भरणारी येथील यात्रा महिनाभराहून अधिक काळ चालते. डोंगरावर चढून देवाला नमस्कार करावा आणि खाली उतरून हंडीतील मटण व रोडग्यांच्या पंगतीला बसावे, हा वऱ्हाडचा जुना परिपाठ. यात श्रद्धा आहे, आनंद आहे आणि अनेकांची रोजीरोटीही आहे. परंतु देव ज्या डोंगरावर बसला, त्या डोंगराला या श्रद्धेत स्थान कोणते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

जपानमधील नारा प्रांतात या प्रश्नाचे उत्तर सापडते. तेथील मिवा हा अवघा ४६७ मीटर उंचीचा, दाट झाडीचा डोंगर. त्याच्या पायथ्याशी असलेल्या ओमिवा देवालयाला गाभाराच नाही. कारण डोंगर हाच देव. पूर्वी सामान्यांना त्यावर पाऊल ठेवण्यास मज्जाव होता. आज नाव नोंदवून, गळ्यात पांढरा पट्टा घालून चढता येते. मात्र वर छायाचित्र काढावयाचे नाही, पाण्याखेरीज काही घ्यावयाचे नाही, एखादी काडीही उचलावयाची नाही. ही शिस्त वनखात्याने लादलेली नव्हे. ती उपासनेचेच अंग आहे.

बहिरमचे मिवा करावे, असे कोणी म्हणणार नाही. लोकांची यात्रा नियमांच्या दोरखंडाने बांधता येत नाही. तथापि पंगत पायथ्याशी आणि पावित्र्य डोंगरावर, एवढी मर्यादा पाळणे कठीण का असावे? मोठ्या यात्रेमागे पत्रावळी, प्लास्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या उरतात. डोंगरावर पडलेले ते सारे पावसाबरोबर ओढ्यानाल्यांत उतरते. हे काम केवळ यात्रेच्या व्यवस्थापनावर सोपवून भागणार नाही. तालुक्यातील शिक्षक व विद्यार्थ्यांनी यात्रेपूर्वी एक दिवस आणि यात्रेनंतर एक दिवस या डोंगराला दिला, तरी पुष्कळ साधेल.

रूढी बदलत नाहीत, ही सबब वऱ्हाडात तरी चालू नये. देवापुढे पशुबळी देण्याच्या प्रथेवर गाडगेबाबांनी जन्मभर कीर्तनांतून प्रहार केले आणि लोकांनी ते ऐकले. बाबांचे देहावसान २० डिसेंबर १९५६ रोजी, याच जिल्ह्यात झाले. दिवसा खराट्याने गाव झाडावे आणि मगच रात्री कीर्तनाला उभे राहावे, हा त्यांचा क्रम होता. बहिरमची पायरी चढणाऱ्याने तोच क्रम पाळावा. आधी डोंगर स्वच्छ, मग देवदर्शन.