अर्ध्या चेंडूची कैफियत

गळ्यात जुना लाईटमीटर अडकवून पिंपळे गुरवात हिंडणाऱ्या माणसाला लोक दोनच गोष्टी ऐकवतात. एक, "काका, बीपी बघता का?" आणि दोन, "आता मोबाईलमध्ये सगळं येतं की हो!" पहिल्याला मी हसून सोडून देतो. दुसऱ्याशी माझं भांडण आहे.

सगळं येतं, कबूल. पण जसं असतं तसं येत नाही. समोरून परतणारा उजेड मोजणाऱ्या मीटरची मूळ समजूतच अशी, की जगातली प्रत्येक वस्तू करडी आहे. साधारण १८ टक्के उजेड परतवणारी. त्याला शुभ्र धोतर दाखवा, ते मळकं करून देईल. काळी म्हैस दाखवा, ती घासूनपुसून धुऊन देईल. काही मोबाईल तर त्याहून दीडशहाणे. ते चेहरा ओळखतात, आणि ओळखल्यावर न विचारता उजळ करून टाकतात.

माझ्या सेकॉनिकला बॅटरी लागत नाही. पोटात सेलेनियम, उजेड पडला की तेवढ्यापुरती वीज होते आणि सुई हलते. डोक्यावर पिंगपाँगच्या अर्ध्या चेंडूसारखा पांढरा घुमट. ही युक्ती अमेरिकेतल्या डॉन नॉरवूडची, १९४० च्या सुमाराची. घुमट चेहऱ्यापाशी धरायचा, पण तोंड कॅमेऱ्याकडे. म्हणजे गृहस्थ चेहऱ्याकडे बघतच नाहीत! चेहऱ्यावर पडणारा उजेड तेवढा मोजतात. डायनासोर उद्यानातल्या उन्हात सासूबाई गोऱ्यापान असोत, सूनबाई सावळ्या असोत, की मागे खुद्द डायनासोर असो. ऊन एकच, म्हणून आकडाही एकच. तो कॅमेऱ्यावर लावला की फिल्मवर गोरी ती गोरी आणि सावळी ती सावळी येते.

आपल्याकडे लग्नासाठी पाठवलेल्या फोटोंत किती सावळ्या मुली 'गव्हाळ' झाल्या, देव जाणे. स्टुडिओतला माणूस निगेटिव्हवर निदान पेन्सिल तरी झिजवायचा, आणि तेसुद्धा मुलीच्या बापाने गळ घातल्यावर. आता गळही कुणी घालत नाही, काम आपोआप होतं. शेजारची कॉलेजातली मुलगी परवा म्हणाली, "काका, फोनमध्ये मी छान दिसते. पण ती मी नाही." तिचा फोटो मी फिल्मवर काढला. तिच्या आजीने बघितला आणि म्हणाली, "अगंबाई, ही तर आमचीच!"

फिल्म महाग झाली, मान्य. उटीच्या कारखान्याची 'इंदू' तर कधीच मावळली. सेलेनियमही म्हातारं झालंय. दिवेलागणीला सुई आडवी होते. मग मी मीटर खिशात टाकतो आणि काटेपुरम चौकात चहा प्यायला जातो.