बिल खात्यावर आले, कठडा कोणी बांधायचा?



ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, असा 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. ते पैसे आता थेट बँक खात्यावर जमा होतात. सोय झाली, यात शंका नाही. पण बिल कधी निघते हे जसे आपल्याला ठाऊक, तसे चोरालाही ठाऊक असते.

जव्हारजवळच्या शिरपामाळावर शिवाजी महाराजांचा मुक्काम सुरतेच्या मोहिमेच्या वाटेवर झाला, असे सांगतात. 1664 साली त्या सुरतेत पैसा अमाप होता, पण शहराला पक्का तट नव्हता आणि सुभेदार किल्ल्यात दडून बसला. पैसा वाढला आणि तट राहिला की काय होते, हे मोगलांना तेव्हा कळले. महाराजांचे लक्ष्य मोगलांची पेठ होती. आजचा चोर मात्र गरिबालाच आधी गाठतो.

आपल्या सहकाराने हा फटका खाल्ला आहे. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत चोर शिरले. बनावट कार्डांनी 28 देशांतून पैसे काढले गेले, आपल्या कोल्हापुरातूनसुद्धा! दोन दिवसांनी हाँगकाँगला रक्कम वळवली. एकूण सुमारे 94 कोटी रुपये गेले. पण तो तोटा बँकेचा झाला, खातेदारांच्या शिलकेला धक्का लागला नाही.

घरच्या चोरीत असे होत नाही. रिझर्व्ह बँकेने 2017 साली नियम घालून दिला : ग्राहकाने पिन किंवा ओटीपी स्वतःच सांगितला, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. म्हणजे किल्ली आपणच दिली, तर वर्षाच्या घामाला वाली नाही.

काही जण म्हणतात, मोबाईलवर व्यवहारच नको. हे आम्हाला पटत नाही. विहिरीत माणूस पडतो म्हणून कोणी विहीर बुजवत नाही, कठडा बांधतो. तो असा बांधावा :

पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला की समजा, पैसे जाणार. पीएम किसान किंवा केवायसीच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली फाईल उघडू नका. तिच्यातून फोनच चोराच्या ताब्यात जातो. फोनवरून ‘डिजिटल अटक’ करणारा कायदा देशात नाही. आधारचा अंगठा नेहमी लागत नसेल तर बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. दुकानदार सभासदांनी क्यूआर कोडवर दुसरा कागद चिकटवला नाही ना, हे रोज सकाळी पाहावे, आणि माल देण्यापूर्वी गिऱ्हाइकाचा स्क्रीन नव्हे, आपले खाते तपासावे. पैसे गेलेच तर लाज धरू नका. लगेच 1930 ला फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात पळते.

मात्र सारा भार सभासदाच्या शहाणपणावर टाकून कारखान्याला मोकळे होता येणार नाही. बिलाच्या निरोपात लिंक कधीही पाठवणार नाही, हे संचालक मंडळाने जाहीर करावे. खाते क्रमांकातला बदल फोनवर न घेता गट ऑफिसात सही घेऊनच करावा. आणि फसलेल्याला कोणी हसू नये. माणूस हसण्याच्या भीतीने गप्प बसतो, आणि चोराला तेवढेच हवे असते.

ऊस राखायला आपण रात्र जागवतो. त्याचे पैसे राखायला दोन मिनिटे थांबून विचारले, तर काय बिघडले?