बिघाड यंत्राचा, जबाबदारी कुणाची?

'तांत्रिक बिघाड' हे दोन शब्द सत्तेतल्या लोकांना फार सोयीचे आहेत. यंत्राला समन्स काढता येत नाही, त्याची उलटतपासणी घेता येत नाही, त्याला निलंबितही करता येत नाही. गटारात गुदमरून मेलेल्या सफाई कामगाराच्या कागदपत्रांत 'अपघात' हा शब्द लिहिला की पुढची चौकशी कशी थंडावते, हे आम्ही कोर्टकचेऱ्यांत पाहत आलो आहोत. भुयारी रेल्वे बंद पडल्यावर होणारी घोषणा त्याच जातकुळीतली आहे.

आता मुंबईतही जमिनीखालून गाडी धावते. म्हणून हा प्रश्न परदेशाचा म्हणून सोडून देता येणार नाही. शिस्त आणि कार्यक्षमता म्हटली की आपले राज्यकर्ते ज्या सिंगापूरचे नाव घेतात, तिथे काय घडले ते आधी पाहू.

१५ डिसेंबर २०११ च्या संध्याकाळी, कामावरून घरी परतण्याच्या ऐन गर्दीत, सिंगापूरच्या नॉर्थ-साउथ मार्गावरील गाड्या अडकून पडल्या. बोगद्यात अडकलेल्या गाडीत दिवे गेले, हवा खेळेना. घुसमटलेल्या एका प्रवाशाने आग विझवण्याच्या नळकांड्याने काच फोडली. शेवटी लोक रुळांवरून चालत बाहेर आले. सुमारे सव्वा लाख प्रवाशांना झळ बसली. आणि गाड्या चालवणारी एसएमआरटी कंपनी त्या वेळी काय करत होती? तिच्याच मालकीच्या टॅक्सींच्या चालकांना संदेश गेला, की गाड्या बंद पडल्या आहेत, कमाईची संधी आहे! त्याबद्दल कंपनीला पुढे माफी मागावी लागली. एका दिवसाच्या अंतराने, १७ डिसेंबरला, तोच मार्ग पुन्हा कित्येक तास बंद पडला.

कारण काय निघाले? गाडीला वीज पुरवणारा जो तिसरा रूळ असतो, त्याला धरून ठेवणारे पकडे निसटले होते. रूळ खाली झुकला आणि त्यावरून वीज घेणारे गाड्यांचे भाग मोडले. सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने उघड सुनावणी घेतली आणि देखभाल नीट झाली असती तर हे टळले असते, असा निष्कर्ष २०१२ मध्ये दिला. कंपनीला २० लाख सिंगापूर डॉलर दंड झाला. मुख्याधिकारी त्याआधीच पायउतार झाल्या होत्या. त्या मूळच्या दुकानदारीच्या धंद्यातल्या होत्या. कंपनी २००० पासून शेअर बाजारात होती. स्थानकांतले गाळे भाड्याने देऊन मिळणारे उत्पन्न ताळेबंदात लगेच दिसते. वेळेवर घट्ट केलेला पकडा मात्र ताळेबंदात कुठेच दिसत नाही.

पुढे ७ ऑक्टोबर २०१७ ला बिशान स्थानकाजवळच्या बोगद्यात पावसाचे पाणी भरले. पाणी उपसणारे पंप चाललेच नाहीत आणि सेवा सुमारे २० तास बंद राहिली. चौकशीत उघड झाले, की पंपांची देखभाल झालीच नव्हती. नोंदवहीत मात्र ती झाल्याच्या सह्या होत्या! २५ सप्टेंबर २०२४ ला ईस्ट-वेस्ट मार्गावर, जमिनीवरच्या भागात, पस्तीस वर्षे वापरलेल्या गाडीच्या आसाचा भाग निखळून पडला. अडीच किलोमीटर रुळांची नासधूस झाली आणि मार्गाचा तो टप्पा सहा दिवस बंद राहिला. तो आस तापल्याचा इशारा यंत्राने आधीच दिला होता. ११८ अंश सेल्सिअस. पण ती नोंद चुकीची असावी असे माणसांनी गृहीत धरले.

तिसरा रूळ, पंप आणि आस. तीन वेगळी यंत्रे, पण दुखणे एकच. पहिल्या वेळी देखभालीची हयगय झाली, दुसऱ्या वेळी खोटी सही झाली, तिसऱ्या वेळी इशाऱ्याकडे कुणी लक्ष दिले नाही. यातले एकही काम यंत्राने केलेले नाही. मग याला 'तांत्रिक' म्हणायचे ते कशाच्या आधारावर?

आणि किंमत कोणी मोजली? ज्याच्याकडे मोटार आहे तो दुसऱ्या रस्त्याने जातो. पहाटेच्या पाळीची परिचारिका, इमारतीचा सुरक्षारक्षक, कचेरी झाडणारी बाई यांना पर्याय नसतो. त्यांचा खाडा पडतो. २२ मार्च २०१६ ला पासिर रिस स्थानकाजवळ रुळावर तपासणीला उतरलेले दोन तरुण कर्मचारी गाडीखाली सापडून मेले. सुरक्षेचे नियम पाळले गेले नव्हते, हे कंपनीला मान्य करावे लागले. त्याच वर्षी सरकारच्याच गुंतवणूक कंपनीने एसएमआरटी पूर्णपणे ताब्यात घेतली. म्हणजे सरकारी यंत्रणेने सरकारी मालकीच्या कंपनीला दंड करायचा. या खिशातले त्या खिशात! अशा दंडाचा धाक कुणाला वाटणार?

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. सिंगापूरने २०११ च्या प्रकरणाची चौकशी उघडपणे केली आणि अहवाल लोकांसमोर ठेवला. पकड्यांची, पंपांची, ११८ अंशांची गोष्ट आज आपल्याला कळते ती अशा चौकश्यांमुळेच. तिथून घेण्यासारखे काही असेल तर चकचकीत स्थानके नव्हेत, हे आहे.

आपल्याकडे कुलाबा-बांद्रा-सीप्झ ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. त्याआधी २६ मे २०२५ ला, तो टप्पा सुरू होऊन महिनाही झाला नसताना, आचार्य अत्रे चौक स्थानकात पावसाचे पाणी घुसले आणि सेवा थांबवावी लागली. पाऊस मुंबईला नवा आहे काय? मेट्रो रेल्वे चालवण्याचा आणि देखभालीचा कायदा २००२ चा आहे आणि अपघाताच्या चौकशीसाठी सुरक्षा आयुक्ताची तरतूद त्यात आहे. परंतु अशी चौकशी सुरू होते ती अपघात झाल्यावर. माणसे मरायची वाट का पाहायची?

माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हातात आहे. मेट्रो महामंडळ हे सार्वजनिक प्राधिकरण आहे, त्याला उत्तर द्यावेच लागेल. पंप शेवटचे कधी चालवून पाहिले? देखभालीचे कंत्राट कोणाकडे, किती माणसांवर आणि किती पगारावर? बोगद्यात उतरणाऱ्या कंत्राटी कामगाराला प्रशिक्षण कोणी दिले? तपासणीच्या नोंदवहीत सही कोणाची आहे? हे चार प्रश्न साध्या कागदावर लिहून विचारायला वकील लागत नाही. आमच्या वस्त्यांतील शिकलेल्या तरुणांनी हे अर्ज करावेत. गाडी बोगद्यात अडकण्यापूर्वी करावेत.