परक्या वळचणीच्या काठ्या

दिवाळीची साफसफाई ही संसारातली सर्वांत हुशार गुप्तहेर आहे. वर्षभर ज्या माळ्याकडे कुणी मान वर करून पाहत नाही, त्या माळ्याला आश्विनात शिडी लागते. मग जुन्या ट्रंकेमागून, गाद्यांच्या वळकटीतून, लग्नातल्या मोठ्या पातेल्याच्या पोटातून काय काय बाहेर येईल याचा नेम नसतो. पतिराजांनी लपवलेला कॅमेऱ्याचा खोका निघतो, तशी सौभाग्यवतींची घडी न मोडलेली साडीही निघते. "हे कधी आणले?" या तीन शब्दांचे उत्तर मात्र सगळ्या घरांत एकच असते : "अहो, ते जुनेच आहे!"

पूर्वी ही लपवाछपवी सोपी होती. पगाराचे पाकीट हातात येई आणि घरी पोचेपर्यंत ते थोडे हलके झाले तरी कुणाला पत्ता लागत नसे. आता पैसे खिशातून न जाता फोनमधून जातात, आणि खात्यातून दमडी हलली की "टिंग" करून निरोप येतो. खाते दोघांच्या नावावर असले तर तो कुणाच्या फोनवर येईल सांगता येत नाही. पण माणूस यंत्रापेक्षा चलाख! वस्तू ऑफिसच्या पत्त्यावर मागवावी, पुडके पहारेकऱ्याकडे ठेवायला सांगावे, पैसे बोनसमधून द्यावेत. किंमत विचारलीच तर शेवटचे शून्य गाळून सांगावी. माझ्या परिचयातील एक सद्गृहस्थ पुस्तके विकत आणतात आणि घरात पाऊल टाकण्यापूर्वी पहिल्या पानावर दोन वर्षांपूर्वीची तारीख घालतात!

आमच्या घरचा प्रकार जरा निराळा होता. आमच्याकडे वस्तू माळ्यावर नव्हती, घरातच नव्हती. ती होती उत्तनला.

आम्ही राहतो भाईंदर पश्चिमेला. स्टेशनबाहेर बस पकडली की मुर्धे, राई, मोर्वा अशी गावे मागे टाकीत, मिठागरांचा खारा वारा खात आपण डोंगरीवरून उत्तनला उतरतो. कागदोपत्री हे सगळे 2002 साली झालेल्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेतच मोडते. पण उत्तनला उतरले की महानगर कुठे राहिले असे वाटते. बंदरात होड्या, गल्लीगल्लीत जाळी, आणि पाऊस संपला की बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर वाळत घातलेले बोंबील. दोन दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टाकलेले असतात. नवराबायकोंनी थोडा वेळ उभे राहून पाहावे असे ते दृश्य आहे. तोंडाला तोंड लागल्याशिवाय जोडी दोरीवर टिकत नाही!

आमच्या ह्यांना तिथल्या खडकांवर बसून गरवण्याचा नाद. रविवारी पहाटे उठून जातात हे मला ठाऊक होते आणि त्याला माझी ना नव्हती. तंबाखू नाही, पत्ते नाहीत. माणूस समुद्राकडे तोंड करून चार तास गप्प बसतो, याहून निरुपद्रवी व्यसन कोणते? कधी शिंगाळा घेऊन येत, एकदा जिताडाही आणला. बहुतेक वेळा पिशवी रिकामी आणि चेहरा मात्र भरलेला. "काठी कुणाची?" असे मी एकदा सहज विचारले होते. "मित्राची," असे उत्तर मिळाले होते.

आमच्याकडे सुके बोंबील उत्तनच्याच एका मावशींकडून येतात. तीन वर्षांपूर्वी ऐन नवरात्रात त्यांनी बाजारात माझ्या पिशवीत बोंबील टाकता टाकता सहज म्हटले, "बाय, साहेबांच्या काठ्या घेऊन जा आता. बोंबील सुकवायला काढले की वळचणीला जागा नाय रहात."

"कुठल्या काठ्या, मावशी?"

मावशी माझ्याकडे पाहू लागल्या. त्या क्षणी त्यांना सगळे कळले आणि मलाही. पुढच्या रविवारी मी ह्यांच्याबरोबर बसमध्ये बसले. मावशींच्या वळचणीला पाच काठ्या होत्या आणि पत्र्याच्या पेटीत तीन रिळे. सगळ्यांचा मिळून हिशेब झाला एकतीस हजारांचा. दोन वर्षांत, थोडे थोडे करून.

एकतीस हजार म्हणजे काही आभाळ कोसळण्याची रक्कम नव्हे, असे कुणी म्हणेल. पण त्याच वर्षी मुलीच्या क्लासची फी भरण्यासाठी मी पोस्टातली माझी आवर्ती ठेव मुदतीआधी मोडली होती. ठेव मोडताना हे शेजारी उभे होते. "दुसरा इलाज नाही," असे म्हणालेही होते. इलाज उत्तनच्या वळचणीला टांगलेला होता! आणि त्याहूनही बोचली ती दुसरी गोष्ट. माझ्या संसारातले एक गुपित परक्या बाईला ठाऊक होते आणि मला नव्हते. पैसा परत मिळवता येतो, बाजारात, चारचौघींत "कुठल्या काठ्या?" असे विचारावे लागले, ते कसे परत घेणार?

त्या रात्री भांडण झाले का? झाले. पण ह्यांनी जे उत्तर दिले ते सांगण्यासारखे आहे. म्हणाले, "तू नाही म्हणशील म्हणून लपवले नाही. तू हो म्हणाली असतीस, आणि मग त्या वर्षी स्वतःसाठी काहीच घेतले नसतेस. ते मला पाहवले नसते."

वाक्य ऐकायला किती गोड! पण भगिनींनो, जरा उलगडून पाहा. माझा त्याग मी करायच्या आधीच ह्यांनी माझ्या वतीने ठरवून टाकला, आणि त्यापासून मला वाचवण्यासाठी माझ्याकडूनच खरे झाकून ठेवले! मी कदाचित म्हटले असते, "एक काठी घ्या, चार नकोत." कदाचित म्हटले असते, "फी भरून होऊ दे." लपवणाऱ्याने पैसे खर्च केले हे खरे, पण त्याच्या आधी त्याने दुसऱ्याचा मत देण्याचा हक्क खर्च केला. लपवलेल्या खरेदीतली खरी किंमत ही.

दोन दिवसांनी मी मावशींशी बोलायला गेले. कोळीवाड्यातला व्यवहार आपल्या पांढरपेशा घरांहून वेगळा. पुरुषाने दर्यावर जायचे, मासळी किनाऱ्याला लागली की ती बाईच्या ताब्यात. विकायची तिने, भाव करायचा तिने, पैसा कनवटीला लावायचा तिने. डिझेल, बर्फ, जाळ्याची दुरुस्ती आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हाचे दोन महिने, या सगळ्याची तजवीज तिच्याच डोक्यात. मी विचारले, "मग मावशी, तुमच्याकडे कुणी काही लपवत नाही?"

मावशी हसल्या. "लपवणार कुठं? म्हावरा त्याचा, पैसा माझ्या हाती. पण आयतवारी मी त्याच्या हातावर त्याचे पैसे ठेवते. त्याचं काय केलं, ते मी विचारत नाय. विचारलं की मानूस खोटं बोलायला शिकतो."

अर्थशास्त्राच्या जाडजूड पुस्तकात इतके नेमके वाक्य क्वचितच सापडेल.

आता पुरुषमंडळी म्हणतील, आणि बायकांचे डब्यातले पैसे? बरोबर आहे. आपल्याकडे गृहिणीचा गुप्त डबा ही जुनीच संस्था आहे. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा तांदळाच्या डब्यांतून, देव्हाऱ्याच्या खालून, साड्यांच्या घड्यांतून वर्षानुवर्षांची पुंजी बाहेर पडली. कित्येक नवऱ्यांना त्या दिवशी प्रथमच कळले की आपली बायको सावकार आहे! अडीच लाखांपर्यंतच्या अशा ठेवींबद्दल गृहिणींना त्रास होणार नाही, असे तेव्हा सरकारने सांगितले होते. 2021 साली प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठानेही नोटाबंदीत गृहिणींनी भरलेली अडीच लाखांपर्यंतची रक्कम त्यांचे उत्पन्न धरता येणार नाही, असा निर्णय दिला. थेंबे थेंबे साठवलेली ती बचत आहे, हे कायद्यानेही ओळखले.

पण डबा आणि काठी यांत फरक आहे. डब्यातला पैसा घरात असतो आणि अडीअडचणीला घरच्याच कामी येतो. काठीतला पैसा गेलेला असतो. तरीही डब्याची मी सरसकट वकिली करणार नाही. ज्या घरात बाईला स्वतःच्या गरजेसाठी हात पसरावा लागतो, तिथे डबा हे तिचे चिलखत आहे. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात स्त्रीधन हे पत्नीचे स्वतःचे आहे, नवरा फार तर त्याचा राखणदार, असे स्पष्ट केले. ते म्हणावे लागले यातच सारे आले. पण ज्या घरात दोघांना सारखा शब्द आहे, तिथे नव्या साडीला "जुनीच आहे" म्हणणे आणि नव्या काठीला "मित्राची आहे" म्हणणे, या दोहोंत मला तरी डावे-उजवे दिसत नाही.

छंदच नको, असे मात्र माझे मुळीच म्हणणे नाही. छंदिष्टांनी जगाला पुष्कळ दिले आहे. पुण्याचे काका केळकर, म्हणजे दिनकर गंगाधर केळकर, चष्म्याच्या दुकानाचा प्रपंच सांभाळून जुने दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्ये गोळा करीत हिंडले. घरात जागा किती आणि पैसा किती! पण पत्नी कमलाबाई या नादात त्यांच्या सोबतीण झाल्या. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने 1962 साली ते संग्रहालय उभे राहिले आणि 1975 मध्ये वीस हजारांच्या घरातल्या वस्तूंसह त्यांनी ते महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केले. दादासाहेब फाळक्यांचे तर विचारूच नका. सिनेमाच्या वेडापायी त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1912 साली विलायत गाठली. पण सरस्वतीबाईंपासून ते वेड लपलेले नव्हते. त्यांनी दागिने दिले, फिल्मला भोके पाडायचे काम शिकून घेतले आणि कंपनीतल्या माणसांना रांधूनही घातले. 3 मे 1913 रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला, त्यात त्या माउलीचा वाटा निम्म्याहून कमी नव्हता.

प्रत्येक नवरा फाळके नसतो आणि प्रत्येक काठीतून संग्रहालय उभे राहत नाही, हे मला कळते. मुद्दा एवढाच की, या दोन्ही घरांतली ओढाताण उघड्यावर होती. बायकोने दागिना काढून दिला तर तो तिने दिला. तो तिच्या नकळत गेला नाही. दिलेल्या दागिन्याचा अभिमान वाटतो, गेलेल्याची खंत राहते.

मग आमच्याकडे काय झाले? पाचपैकी दोन काठ्या आणि दोन रिळे ह्यांनी दुसऱ्या एका गरवणाऱ्याला विकली. साडेनऊ हजार आले, ते मुलीच्या नावाने ठेवीत टाकले. उरलेल्या तीन काठ्या घरी आल्या आणि दाराच्या मागे खुंटीला लागल्या. दीड खोल्यांच्या घरात त्या रोज डोक्याला लागतात, पण डोळ्यांना खुपत नाहीत.

आणि मावशींचा नियम आम्ही उचलला. महिन्याच्या पहिल्या तारखेला घरखर्च, हप्ते, बचत बाजूला काढली की दोघांनाही सारखीच एक लहान रक्कम मिळते. तिचा हिशेब कुणी कुणाला मागायचा नाही. मी तिची फुले घेईन, पुस्तक घेईन, नाहीतर नुसती साठवीन. ह्यांनी गळ घ्यावेत नाहीतर समुद्रात फेकावेत. दोन हजारांच्या वरची वस्तू असेल तर मात्र आधी बोलायचे. बोलायचे म्हणजे परवानगी मागायची नव्हे, दुसऱ्याला आपल्या आनंदात आणि काळजीत वेळेवर सामील करून घ्यायचे. कर्ज काढून छंद नाही आणि मुलांच्या फीच्या आधी छंद नाही, ही दोन कलमे माझी. "रविवारी काय मिळाले असे दारातच विचारायचे नाही," हे कलम ह्यांचे. तेही मंजूर झाले.

तेव्हा वाचकहो, यंदा फराळाचा डबा उघडाल तेव्हा हा दुसरा डबाही उघडून बसा. रक्कम लहान असली तरी चालेल, शंभरापासून सुरुवात करा. पण ती दोघांची सारखी असू द्या. पाडव्याला ओवाळताना तबकात पडणारी ओवाळणी सर्वांदेखत पडते, म्हणूनच ती गोड वाटते. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांच्या खर्चालाही तेवढाच उजेड मिळो, हीच शुभेच्छा.